दशावतारी गंजिफा संच : छायांकनापासून छपाईपर्यंतच्या रंग-प्रोफाइल नोंदी

१२ मे, कुडाळ

वेंगुर्ल्यातील एका घराण्याकडे असलेल्या जुन्या दशावतारी गंजिफा संचाचे छायांकन करून निवडक पानांचे मोठे प्रिंट आणि एक सोळा पानी पुस्तिका चतुर्थीच्या आधी तयार करून देण्याचे काम स्टुडिओने स्वीकारले आहे. संच पूर्ण आहे. दहा अवतार, प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंतची पाने, अशी एकूण १२० गोल पाने त्यात आहेत. प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची असून पाठ मात्र सर्वांची एकसारखी, लाखेच्या तांबड्या रंगाची आहे. मालकांची अट एकच आहे. मूळ पान प्रिंटशेजारी ठेवले तर दोन्ही एकाच घरातली वाटली पाहिजेत.

ही अट शब्दशः पाळता येणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकले. कॅमेरा, मॉनिटर, इंकजेट प्रिंटर आणि ऑफसेट यंत्र या प्रत्येकाचा रंगांचा आवाका, म्हणजे गॅमट, वेगळा असतो आणि पानांवरचा तांबडा ऑफसेटच्या चार शायांत (सीएमवायके) पुरता मावणारा नाही. वाटेत कुठेतरी थोडा रंग गमावावाच लागणार आहे. तो कोणत्या टप्प्यावर आणि चित्राच्या कोणत्या भागात गमावायचा, हे आपल्या टेबलावर ठरवायचे की छापखान्यातल्या संगणकावर सोडून द्यायचे, एवढेच आपल्या हातात आहे.

१५ मे

आज फक्त खोली आणि मॉनिटर. पावसाच्या तयारीसाठी पडवीला बांधलेल्या निळ्या ताडपत्रीतून येणारा उजेड दुपारी थेट मॉनिटरसमोरच्या भिंतीवर पडतो आणि मागच्या खिडकीतून माडा-पोफळींचा हिरवा उजेड आत येतो. अशा खोलीत डोळा थोड्याच वेळात त्या निळसर उजेडालाच पांढरा मानू लागतो आणि काम करणारा नकळत चित्रातला रंग उलट्या दिशेला ओढत राहतो. मॉनिटर कितीही महाग घेतला तरी यावर त्याच्याकडे इलाज नाही. खिडक्यांना जाड काळे कापड लावले, समोरची भिंत फिकट राखाडी केली आणि छतावरचा दिवा डी५०, म्हणजे छपाई तपासण्यासाठी ठरलेल्या सुमारे ५००० केल्विनच्या, प्रकाशाचा बसवला.

मॉनिटरचा उजळपणा १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर आणि गॅमा (मधल्या छटांचा वक्र) २.२ ठेवला. पांढऱ्या बिंदूसाठी मात्र पुस्तकी आकडा घेतला नाही. ६५०० केल्विनला पडदा दिव्याखालच्या कागदापेक्षा निळा दिसत होता आणि ५००० ला पिवळट, म्हणून कोरा कागद शेजारी धरून डोळ्याने जुळवत गेलो तेव्हा मूल्य ५८०० च्या आसपास स्थिरावले. कॅलिब्रेशन केल्याने मॉनिटर ठरलेल्या स्थितीत येतो, तर प्रोफाइल हा त्या स्थितीत तो प्रत्यक्षात कोणते रंग दाखवतो याचा दाखला असतो. दाखला खरा राहायचा तर स्थिती बदलता कामा नये. मे महिन्यात आमच्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते, त्यामुळे मॉनिटर परत सुरू झाल्यावर अर्धा तास तापू दिल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही, असे ठरवले.

१९ मे, वेंगुर्ले

छायांकनाची मांडणी केली. लाखेची चकाकी हा या पानांचा प्राण आहे आणि छायाचित्रकाराचा वैरीही. दोन्ही बाजूंचे दिवे ४५ अंशांवर ठेवूनही कडेला पांढरे डाग उमटत होते, कारण पाने काळाच्या ओघात किंचित बाकली आहेत. दिव्यांवर ध्रुवक (पोलरायझर) फिल्म आणि लेन्सवर तिच्याशी काटकोनात फिरवलेला ध्रुवक लावताच डाग पूर्ण गेले, कुंचल्याचा प्रत्येक फटकारा दिसू लागला आणि तांबडा अधिक गडद व गर्द झाला. या मांडणीत तीन ते चार स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश खर्ची पडतो, परंतु पान जागचे हलत नसल्याने शटर जास्त वेळ उघडे ठेवता येते.

दिव्यांविषयी एक गोष्ट लिहून ठेवतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, हा पहिल्या आठ फिकट नमुन्यांच्या गुणांची सरासरी असतो आणि भडक तांबड्याचा आर९ हा नमुना त्या सरासरीत धरलेलाच नसतो. म्हणजे एकूण आकडा उत्तम असूनही दिवा तांबड्यात कच्चा असू शकतो आणि इथे तर अर्धे काम तांबड्याचेच आहे. म्हणून आर९ स्वतंत्रपणे छापलेले दिवेच भाड्याने आणले.

२२ मे

कॅमेऱ्याची प्रोफाइल तयार केली. चोवीस चौकोनांचा रंगतक्ता, जो १९७६ पासून याच मांडणीत वापरात आहे, पानाच्याच जागी ठेवून, ध्रुवक न काढता, त्याच दिव्यांखाली टिपला. ध्रुवकाला स्वतःची हलकी छटा असते, त्यामुळे ध्रुवकाशिवाय केलेली प्रोफाइल या कामाला उपयोगी नाही.

मूळ फायलींसाठी कार्यरंगावकाश, म्हणजे फायलीतल्या आकड्यांना कोणते रंग मानायचे याची चौकट, कोणता घ्यावा यावर बराच खल झाला. सहकाऱ्याचा आग्रह सवयीप्रमाणे अॅडोबी आरजीबी १९९८ साठी होता. पडद्यांच्या नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा तो मोठा आहे हे खरे, पण ते मोठेपण जवळजवळ सगळे हिरव्या बाजूला आहे. दोन्हींचा तांबडा प्राथमिक बिंदू एकच आहे, रंगनकाशावर x ०.६४ आणि y ०.३३. समुद्राची किंवा पावसाळी सड्यांची छायाचित्रे असती तर अॅडोबी आरजीबी आनंदाने घेतला असता. ईसीआय-आरजीबी व्ही२ चा तांबडा बिंदू x ०.६७ वर आहे, म्हणजे तो अधिक तीव्र तांबड्यापर्यंत पोहोचतो, त्याचा पांढरा बिंदू छपाईच्या व्यवहाराला जुळणारा डी५० आहे आणि त्याच्या छटांच्या पायऱ्या डोळ्याला समान भासणाऱ्या एल-स्टार वक्रावर बसवलेल्या आहेत. नेदरलँड्सच्या मेटामॉर्फोझ या वारसा-डिजिटायझेशनच्या नियमावलीतही तो वापरला जातो. तोच ठरवला, १६ बिटमध्ये. प्रोफोटो या त्याहून मोठ्या रंगावकाशाचा विचार फार वेळ केला नाही. त्याच्या कोपऱ्यांतले काही रंग माणसाच्या डोळ्याला दिसूच शकत नाहीत आणि या संचाला एवढ्या मोठ्या कोठाराची गरज नाही.

३० मे

सर्व पानांच्या रॉ फायली विकसित करून झाल्या. एका जुन्या तुकडीतल्या काही फायली मालकांच्या नातेवाइकांनी पूर्वी काढलेल्या असून त्यांत प्रोफाइल जोडलेलीच नाही. अशा फायलीला प्रोफाइल ‘असाइन’ केली तर आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. ‘कन्व्हर्ट’ केली तर रंग तोच ठेवण्यासाठी आकडे बदलले जातात. मुळात अर्थच ठाऊक नसलेल्या आकड्यांवर कन्व्हर्ट चालवणे व्यर्थ आहे. त्यांना एसआरजीबी असाइन करून, फक्त संदर्भासाठी, वेगळ्या फोल्डरात ठेवले.

७ जून

पाऊस स्थिरावला. खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्क्यांवर आहे. शंभर टक्के सुती कागदाचे ताव पाकिटातून काढताच कडेला वर उचलले जातात आणि प्रिंटरचे हेड घासण्याची भीती असते. कागद सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवला असून खोलीत डिह्युमिडिफायर सतत चालू ठेवला आहे. तो रोज काढतो त्या पाण्याकडे पाहिले की इथल्या भिंतींना बुरशी का येते हे कळते.

१० जून

प्रिंटरच्या प्रोफाइलसाठी रंगचौकोनांचा तक्ता छापला. हा तक्ता छापताना रंग-व्यवस्थापन दोन्हीकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, पूर्ण बंद असावे लागते. पुढे चित्र छापताना ते सॉफ्टवेअरमध्ये चालू आणि ड्रायव्हरमध्ये बंदच ठेवायचे. दोन्हीकडे चालू राहिले तर एकाच रंगावर दोनदा संस्कार होतो आणि तांबडे किरमिजीकडे झुकतात. ड्रायव्हरचे अपडेट आल्यावर ही खूण आपोआप परत चालू होते, असा अनुभव असल्यामुळे सेटिंगचा स्क्रीनशॉट प्रिंटरच्या वर चिकटवला आहे.

११ जून

तक्ता लगेच मोजला नाही. कोरड्या ऋतूत तासाभरात रंग स्थिर होतात, या हवेत होत नाहीत. छपाईनंतर दोन तासांनी मोजलेल्या नमुना पट्टीची आज पुन्हा मोजणी केली, तेव्हा गडद तांबडे आणि तपकिरी चौकोन डोळ्यालाही जाणवेल इतके सरकलेले होते. पूर्ण २४ तास वाळवूनच स्पेक्ट्रोफोटोमीटर चालवला आणि मोजणी एम१ स्थितीत घेतली, ज्यात दिव्यातील अतिनील अंश डी५० प्रमाणे धरलेला असतो. निवडलेल्या सुती कागदात तो अधिक पांढरा दाखवणारी रसायने (ऑप्टिकल ब्राइटनर) नाहीत, त्यामुळे इथे अतिनील अंश निश्चित न धरणारी एम० स्थिती घेऊनही फारसे बिघडले नसते. पुस्तिकेच्या आर्ट पेपरमध्ये ती भरपूर असतात आणि तुलना सारख्या मोजणीतच करायची आहे.

२० जून

आजचा दिवस एकाच पानावर गेला. परशुरामाच्या राजाच्या पानावर तांबड्या जमिनीवर शेंदरी वस्त्र आहे आणि त्या वस्त्राच्या चुण्या चिताऱ्याने केसाएवढ्या बारीक कुंचल्याने, जमिनीपेक्षा जेमतेम गडद अशा तांबड्याने ओढल्या आहेत. मूळ पान हातात घेतले तर चुण्या मोजता येतात. सॉफ्ट प्रूफमध्ये (छापून कसे दिसेल याचा पडद्यावरचा अंदाज) ऑफसेटची प्रोफाइल लावून गॅमटबाहेरचे रंग राखाडी दाखवणारा इशारा चालू केला, तर अर्धे पान राखाडी झाले.

फायलीतून वाचलेले शेंदरीचे मूल्य L ५०, a ६६, b ६२ (L उजेड, a तांबडेपणा, b पिवळेपणा) असे येते. पानाला यंत्र टेकवण्याची परवानगी नसल्यामुळे हेच आपले प्रमाण. फोग्रा३९ या ऑफसेट छपाईच्या प्रमाण वर्णनानुसार गुळगुळीत कागदावर पूर्ण मॅजेंटा आणि पूर्ण पिवळा एकमेकांवर छापून मिळणारा तांबडा L ४७, a ६८, b ४८ च्या आसपास असतो. आपला रंग त्याहून पिवळ्याकडे झुकलेला आणि तरीही तितकाच तीव्र आहे. तिकडे जायचे तर मॅजेंटा कमी करावा लागतो आणि मॅजेंटा कमी केला की तीव्रताही उतरते. ही कोंडी शायांची आहे, प्रोफाइल बदलून ती सुटत नाही.

गॅमटबाहेरचे रंग आत आणण्याच्या पद्धतींपैकी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक लावले तर गॅमटच्या आतले रंग जसेच्या तसे राहतात आणि बाहेरचे सगळे सीमेवर आणून ठेवले जातात. जमीन आणि चुणी दोन्ही सीमेबाहेर असल्याने दोन्ही जवळजवळ एकाच बिंदूवर येतात आणि वस्त्र सपाट होते. पर्सेप्च्युअल लावले तर सर्व रंगांना थोडे थोडे आत ढकलले जाते, त्यामुळे चुण्या टिकतात, परंतु कडेच्या पिवळ्या वेलबुट्टीचा आणि चेहऱ्याच्या निळ्याचा ताजेपणा विनाकारण जातो. शिवाय किती ढकलायचे हे त्या प्रोफाइलच्या कर्त्याने कधीतरी ठरवलेले असते, त्याने आपले पान पाहिलेले नसते.

म्हणून पाया रिलेटिव्ह कलरिमेट्रिकचा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह (म्हणजे फायलीतला काळा छपाईच्या काळ्याशी जुळवून), ठेवला आणि तांबड्याचे काम हाताने केले. मास्क लावून फक्त शेंदरी आणि तांबड्याची तीव्रता इशारा जेमतेम मावळेपर्यंत उतरवली, रंगाची दिशा मुळीच बदलू दिली नाही, आणि तीव्रतेतला जो फरक हरवला तो उजेडाच्या फरकाने भरून काढला, म्हणजे चुण्या मूळपेक्षा किंचित गडद केल्या. शेजारी ठेवून पाहिले तर प्रिंट मूळ पानापेक्षा शांत आहे, पण चुण्या मोजता येतात. माझ्या मते असल्या पानात रेषा वाचवून भडकपणा सोडावा, भडकपणासाठी रेषा सोडू नये. सहकाऱ्याचे मत उलट आहे. त्याच्या म्हणण्यानुसार लांबून पाहणाऱ्याला तांबडाच दिसतो, चुण्या कोण मोजायला जातो. पुस्तिका हातात धरून वाचली जाणार असल्यामुळे माझे चालले.

इंकजेटच्या बारा शायांत तांबडी शाई स्वतंत्र आहे, त्यामुळे मोठ्या प्रिंटसाठी हाच मास्क पुष्कळ सौम्य करावा लागेल. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून दोन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या थरांवर, थराच्या नावात त्या त्या प्रोफाइलचे नाव लिहून ठेवल्या.

२७ जून, सावंतवाडी

सुती कागदावरचे पहिले प्रिंट चितारआळीत एका वयोवृद्ध चिताऱ्यांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून प्रिंट उजेडाकडे तिरपा धरला, दोनतीनदा हलवला आणि म्हणाले, “रंग बरो इलो, पण लाखेचा तेज खंय गेला?”

प्रश्न अचूक आहे. ते तेज आम्हीच ध्रुवक लावून काढून टाकले होते. आणि ठेवले असते तरी प्रोफाइलला ते कळले नसते, कारण प्रोफाइलसाठीची मोजणी ४५ अंशांवरून प्रकाश टाकून सरळ वरून केली जाते आणि पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चकाकी मोजणीतून मुद्दाम वगळली जाते. प्रोफाइल रंगाचा हिशोब ठेवते, पोताचा आणि चकाकीचा नाही. चिताऱ्यांनी मात्र प्रिंट तिरपा करून नेमके तेच पाहिले.

४ जुलै

यावर उपाय कागदाच्या निवडीत आहे. सुती मॅट कागदावर सर्वांत गडद काळा L १६ च्या आसपास थांबतो आणि चमक असलेल्या बरायटा कागदावर तो ४ पर्यंत उतरतो. काळ्याची ही खोली मिळाली की शेजारचा तांबडाही भरलेला दिसतो. बरायटा कागदासाठी मॅटऐवजी फोटो ब्लॅक शाई घातली, नवा तक्ता छापला, २४ तास वाळवला आणि नवी प्रोफाइल केली. जुनी प्रोफाइल नव्या कागदाला चालत नाही, शाई तीच असली तरी.

काही पानांचे छायांकन लेन्सचा ध्रुवक थोडा सैल सोडून पुन्हा केले, म्हणजे कडेला चकाकीची बारीक चंद्रकोर राहते. मुखपृष्ठासाठी हेच चित्र घेणार आहोत.

१२ जुलै, कोल्हापूर

छापखान्यात बोलणे झाले. कोणत्या प्रोफाइलवर फाइल द्यायची, या प्रश्नाला “सीएमवायके करून द्या, प्रोफाइल इथं कुणी मागत नाही” असे उत्तर मिळाले. हे उत्तर अनेक ठिकाणी मिळते आणि त्याचा अर्थ असा, की आलेल्या फायलीतली प्रोफाइल त्यांच्याकडे गाळून टाकली जाते. वाद न घालता एक चाचणी मागितली. आमच्याच १७० जीएसएम मॅट आर्ट पेपरवर फोग्राची ७२ चौकोनांची मीडिया वेज, म्हणजे तपासणीची रंगपट्टी, छापून द्या, खर्च आमचा. मशीनमनला कल्पना आवडली. दुसऱ्या एका कामाच्या शिल्लक भागात त्यांनी ती बसवून दिली.

१५ जुलै

मुंबईला असलेल्या धाकट्या भावाला मालकांनी पुस्तिकेची पाने फोनवर पाठवली आणि ‘रंग फारच भडक झाले’ असा निरोप आला. त्याच्या फोनवर पडद्याचा ‘व्हिव्हिड’ पर्याय चालू होता. तो ‘नॅचरल’वर ठेवायला सांगून एसआरजीबीत कन्व्हर्ट केलेल्या, प्रोफाइल जोडलेल्या प्रती पाठवल्या आणि मंजुरी मात्र कागदी प्रूफवरच द्यावी, असे लेखी कळवले.

२४ जुलै

मीडिया वेज वाळवून मोजली. यंत्र फोग्रा३९ च्या बऱ्यापैकी जवळ चालते, फक्त मधल्या छटांत मॅजेंटा थोडा जास्त बसतो. तांबड्याच्या कामात हा दोष आपल्या पथ्यावर पडणारा नाही, पण तो कायमचा असल्याने आधीच धरून चालता येईल. फोग्रा३९ वरच आधारलेल्या आयएसओ कोटेड व्ही२ या प्रोफाइलची ३०० टक्के एकूण शाईची (चारही शायांची बेरीज) आवृत्ती निवडली. ३३० चीही मिळते, परंतु पावसाळ्यात शाई सावकाश वाळते आणि एका तावाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागणे आम्हाला परवडणार नाही.

मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवला आहे. आरजीबीतला काळा तसाच कन्व्हर्ट झाला तर तो चार शायांत विभागला जातो आणि बारीक मथळ्यांच्या कडेला रंगीत सावली येते.

पानांची मांडणी हाच आजचा खरा निर्णय. ऑफसेट यंत्रावर शाई कमीजास्त करायच्या किल्ल्या तावाच्या रुंदीवर पट्ट्यांनी असतात. एका पट्टीत मॅजेंटा वाढवला की ताव ज्या दिशेने यंत्रातून जातो त्या दिशेला त्या पट्टीत येणाऱ्या सगळ्या पानांवर तो वाढतो. तावाच्या एका बाजूला आठ पाने येतात. परशुरामाच्या तांबड्या पानासमोर फिकट जमिनीचे पान आले असते तर एकाला न्याय देताना दुसरे गुलाबी झाले असते. क्रम थोडा बदलून तांबड्या जमिनीची पाने एकाच पट्टीत येतील असे पाहिले. अवतारांचा क्रम मोडू नये म्हणून त्याऐवजी मजकुराची पाने हलवली.

फाइल पीडीएफ/एक्स-१ए, म्हणजे सगळे रंग छपाईच्या शायांत बदललेल्या, स्वरूपात करून दिली. एक्स-४ मध्ये आरजीबी चित्रेही प्रोफाइलसह जाऊ शकतात आणि तत्त्वतः तीच पद्धत चांगली आहे, पण जिथे प्रोफाइल गाळली जाते तिथे रूपांतर आपणच करून दिलेले बरे.

५ ऑगस्ट, कोल्हापूर

यंत्रावर उभे राहून ताव पाहिले. छापखान्याच्या ट्यूबलाइटखाली नव्हे, तर सोबत नेलेल्या डी५० दिव्याखाली, करारातल्या इंकजेट प्रूफशेजारी. पहिल्या तावांत तांबडा किरमिजीकडे होता. मशीनमनने त्या पट्टीत मॅजेंटा थोडा उतरवला आणि मांडणीमुळे शेजारच्या पानांना धक्का लागला नाही. परशुरामाच्या चुण्या भिंगाशिवाय दिसतात. ओली शाई वाळल्यावर थोडी मवाळ होते, म्हणून घनता ठरवलेल्या पातळीच्या किंचित वर धरून सही केली आणि तो ताव तारीख घालून ठेवून घेतला.

मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन आणि त्यावर फक्त गोल पानापुरता स्पॉट यूव्ही (चमकदार वार्निशचा थर) चढवला. मॅट लॅमिनेशनने गडद रंग उजळतात, यूव्हीखाली ते परत खोल होतात. हे दोन्ही परिणाम कोणत्याही प्रोफाइलमध्ये नसतात, म्हणून नमुना आधी करून पाहिला होता.

११ ऑगस्ट, वेंगुर्ले

मोठे प्रिंट मालकांच्या ओटीवर लावून पाहिले. दिवसा जुळणी उत्तम आहे. संध्याकाळी पिवळा बल्ब लागताच मूळ पानांचे तांबडे उठून आले आणि प्रिंटमधले थोडे मागे राहिले, कारण रंगद्रव्ये वेगळी आहेत आणि ती एका प्रकाशात जुळली म्हणून दुसऱ्यात जुळतीलच असे नाही. प्रदर्शनाच्या दालनासाठी ४००० केल्विनचे, आर९ चांगला असलेले दिवे सुचवले असून मालकांनी ते मागवले आहेत. मूळ पाने आणि प्रिंट एकाच दिव्याखाली ठेवावेत, एवढी विनंती इलेक्ट्रिशियनला लेखी दिली. ईसीआय-आरजीबीतील मूळ फायली, दोन्ही प्रिंटर प्रोफाइल आणि मोजणीचे आकडे एकाच हार्ड डिस्कवर घालून मालकांकडे दिले आणि तिची दुसरी प्रत स्टुडिओत ठेवली.